मोटारीचा फुटव्हॉल्व्ह तपासता, पायाचा कधी तपासला?

रोवणीचा हंगाम आला की आपल्या भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पहाटेपासून माणसे बांधीत उतरतात. पऱ्हे खोदणे, पेंढ्या वाहणे, चिखलणी, रोवणी ही सगळी कामे पायांवर उभे राहून होतात आणि तीही घोटाभर, कधी गुडघाभर पाण्यात. हंगामाच्या आधी शेतकरी मोटार उघडून पाहतो, विळ्याला धार लावून घेतो, बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकून घेतो. मात्र ज्या दोन पायांवर सगळी शेती उभी आहे, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. पाय सुजला तर "कामाने सुजला" आणि जखम झाली तर "काही नाही होत भाऊ, आपोआप भरून येते", एवढ्यावर विषय संपतो. पुष्कळदा जखम भरूनही येते. पण जेव्हा भरत नाही, तेव्हा हंगाम जातो, आणि कधीकधी पायही जातो.

प्रस्तुत लेखकाचा विषय पीक-पाण्याचा आहे, औषधोपचाराचा नाही. तो डॉक्टरांनीच करावा. परंतु पायातले रक्त कसे फिरते हे समजायला शेतकऱ्याइतका तयार विद्यार्थी दुसरा नाही, कारण पाणी खालून वर चढवताना काय काय अडते हे त्याला रोज भोगावे लागते.

पायाची बांधणी

माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी एकेका पावलात २६, म्हणजे दोन्ही पावलांत मिळून ५२ हाडे आहेत. शरीरातली जवळजवळ पाव हाडे घोट्याच्या खाली आहेत! मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत लांब हाड. गुडघ्याखाली दोन हाडे, पुढे नडगीचे जाड हाड आणि बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड. नडगीवर मांस जवळजवळ नाहीच, नुसते कातडे असते. म्हणून तिथे कुदळीचा किंवा धुऱ्यावरच्या दगडाचा मार बसला तर जखम भरायला वेळ लागतो. मागे पोटरी. या पोटरीचे महत्त्व पुढे येणार आहे.

पायात तीन प्रकारच्या नळ्या आहेत असे समजा. पहिली रोहिणी, म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त खाली आणणारी पाइपलाइन. दुसरी नीला, म्हणजे वापरलेले रक्त वर नेणारी परतीची लाइन. तिसरी लसीकावाहिनी, म्हणजे मांसात झिरपलेले जास्तीचे पाणी काढून नेणारी निचऱ्याची चर. शेतात पाट, उपसा आणि निचरा तिन्ही ठीक असतील तर पीक उभे राहते. पायाचेही तसेच आहे. पायाचे बहुतेक आजार या तिन्हींपैकी कोणत्या तरी एका ठिकाणी बिघाड झाल्याने होतात.

पोटरी म्हणजे दुसरे हृदय

हृदय एका मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलते. खाली उतरायला रक्ताला अडचण नाही, मागे हृदयाचा जोर आहे. बेंबीच्या पातळीला मोठी रोहिणी दोन भागांत वाटली जाते. तिची शाखा जांघेतून मांडीत, तिथून गुडघ्यामागच्या लवणीतून पोटरीत आणि पुढे पावलात जाते. जांघेत, लवणीत, घोट्याच्या आतल्या हाडामागे आणि पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवले तर ठोके लागतात.

खरी कसोटी परतीच्या वाटेवर आहे. पावलापर्यंत पोहोचता पोहोचता हृदयाचा जोर संपलेला असतो. मग ते रक्त घोट्यापासून छातीपर्यंत, म्हणजे चारेक फूट, वर चढते कसे?

चढवते ती पोटरी. पोटरीच्या मांसाच्या आत नीलांच्या पिशव्या असतात. आपण पाऊल टाकले की पोटरी आवळते, पिशव्या दाबल्या जातात आणि रक्त वर उसळते. पोटरी सैल पडली की खालचे रक्त पिशव्यांत भरते. प्रत्येक पावलागणिक एक हापसा! म्हणूनच डॉक्टर पोटरीला 'दुसरे हृदय' म्हणतात.

वर उसळलेले रक्त परत खाली का येत नाही? कारण नीलांच्या आत ठिकठिकाणी पातळ पापुद्र्यांच्या झडपा असतात. विहिरीतल्या पाइपच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह असतो ना, तेच काम. पाणी वर जाऊ द्यायचे, खाली येऊ द्यायचे नाही. रक्त शरीरात गोल फिरते हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे या वैद्याने १६२८ साली सिद्ध करून दाखवले, तेव्हा त्याचा एक मोठा पुरावा नीलांतल्या या झडपांचाच होता.

आता हिशेब पाहा. माणूस हालचाल न करता उभा राहिला तर घोट्याजवळच्या नीलेत पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब चढतो. पाण्याच्या भाषेत हा चार फुटांच्या आसपासचा 'हेड' झाला. तोच माणूस चालू लागला की धडधाकट पायात हा दाब ३० च्या खाली येतो. म्हणजे पायाला त्रास चालण्याने होत नाही, एका जागी उभे राहण्याने होतो. रोवणीत नेमके तेच घडते. कंबर वाकलेली, पाय चिखलात रुतलेले, पावले अगदी हळूहळू सरकायची. पोटरीचा पंप बंद आणि चार फुटांचा दाब खालच्या झडपांवर.

झडप गळू लागली की

वर्षानुवर्षे असा दाब पडला की काहींच्या झडपा गळू लागतात. घरात हा त्रास आधीपासून असेल, वजन जास्त असेल, बाईची बाळंतपणे झाली असतील तर शक्यता वाढते. फुटव्हॉल्व्ह गळका झाला की पाइपातले पाणी उतरते. इथे रक्त उतरते. वरची झडप गळाली की तिचा भार खालच्या झडपेवर येतो, मग तीही गळते. कातडीखालची नीला फुगते आणि निळसर, गाठीगाठीची, वेडीवाकडी दिसू लागते. दवाखान्यात याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. संध्याकाळी पाय जड होतो, घोटा सुजतो, रात्री पोटरीत पेटके येतात.

एवढ्यावर थांबले तर माणूस दिवस काढतो. पण दुर्लक्ष केले तर घोट्याच्या आतल्या बाजूला थोडे वर कातडी काळपट पडते, कडक होते, खाजते. मग एक दिवस तिथे खरचटते आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. मलम बदलून ती भरणार नाही, कारण दोष कातडीत नाही, वरच्या झडपांत आहे. बांधीत वरून पाणी पाझरते आहे आणि आपण खालीच माती टाकतो आहोत, असा तो प्रकार.

उपाय साधे आहेत, पण वेळेवर हवेत. रोवणी करताना अर्ध्या तासाने धुऱ्यावर यावे, दहा-वीस पावले चालावे, टाचा वीसेक वेळा वर-खाली कराव्यात. दुपारच्या सुट्टीत आडवे होऊन पाय भरलेल्या पोत्यावर, छातीपेक्षा उंच ठेवावेत. पट्टी किंवा घट्ट मोजे डॉक्टरांना विचारूनच वापरावेत. रोहिणीच बंद असेल तर घट्ट मोजा नुकसान करतो. बिघडलेली नीला लेसरने किंवा शस्त्रक्रियेने बंद करता येते.

फुगलेली नीला फुटली तर रक्ताची धार लागते. घाबरू नये, उभे राहू नये. लगेच आडवे व्हावे, पाय उंच करावा आणि स्वच्छ फडके दाबून धरावे. रक्त थांबते. फुटव्हॉल्व्हच्या वरचा 'हेड' आपण काढून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. मग दवाखाना गाठावा.

आणखी एक सूचना. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून गरम झाली तर तेल लावून चोळू नये. आतल्या नीलेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. असा पाय त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावा.

पाइपलाइनच तुंबली तर

दुसरा बिघाड रोहिणीचा. आपला भाग तेंदूपानांचा आणि विडीचा. बुढ्यांपासून पोरांपर्यंत हातात विडी. विडीचा धूर छातीत जातो हे सर्वांना ठाऊक आहे, पण तो पायातही उतरतो हे कमी लोकांना माहीत असते. तंबाखूने रोहिण्या आकसतात, आतून जाड होतात. काहींना तर तिशी-चाळिशीतच पायाच्या बारीक रोहिण्या बंद पडण्याचा आजार होतो. लिओ बर्गर या डॉक्टरने १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. हा जवळजवळ तंबाखू ओढणाऱ्यांनाच होतो.

ओळख सोपी आहे. ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, थांबले की दोन-तीन मिनिटांत जातो, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा येतो. लोक म्हणतात, "वय झालं." वय नव्हे, पाइपात गाळ बसला आहे. पुढे पाऊल थंड पडते, बोटे रात्री ठणकतात, टोकाशी काळी पडतात. अशा वेळी शेक घेऊ नये, कातडी भाजते. विडी त्याच दिवशी सोडावी. पाच विड्यांच्या दोन केल्या म्हणून चालत नाही. या आजारात विडी पूर्ण सुटली तर पाय वाचण्याची आशा असते, नाही सुटली तर एकेक बोट कापत जावे लागते.

न दुखणारी जखम

तिसरा धोका साखरेचा, म्हणजे मधुमेहाचा. हा शहरातल्या बैठ्या लोकांचा आजार राहिलेला नाही. रक्तात साखर वाढून राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. आधी मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, मग काहीच जाणवत नाही. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. बाभळीचा काटा रुतला तरी दुखत नाही.

आणि दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. तळव्याच्या जाड कातडीखाली पू होतो, हाडापर्यंत जातो. घरच्यांना वास आला की मग धावपळ. लक्षात ठेवा, दुखणारी जखम माणसाला दवाखान्यात नेते, न दुखणारी जखम पाय नेते.

म्हणून साखर असलेल्याने रोज संध्याकाळी पाय धुऊन कोरडे करावेत आणि दोन्ही तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर खाली आरसा धरावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. अनवाणी चालू नये, अंगणातही नाही. भोवरी ब्लेडने कापू नये. चप्पल घालण्याआधी झटकून आत हात फिरवावा.

जखम कुठे आहे यावरून कारणाचा अंदाज येतो. घोट्याच्या आतल्या बाजूला वर असेल तर नीलेचा दोष. बोटांच्या टोकाला, थंड आणि ठणकणारी असेल तर रोहिणीचा. तळव्यावर, न दुखणारी असेल तर साखरेचा. हा फक्त अंदाज, पक्के निदान डॉक्टरांचे. दोन आठवड्यांत न भरणारी पायाची कोणतीही जखम दाखवलीच पाहिजे. साखर असलेल्याने तर दोन दिवसही थांबू नये.

निचऱ्याची चर आणि हत्तीरोग

तिसरी नळी लसीकेची. ती तुंबली की पाय हत्तीच्या पायासारखा होतो. पूर्व विदर्भाला हा हत्तीरोग नवा नाही. सुश्रुताने त्याला श्लीपद म्हटले आहे आणि जुने पाणी साचून राहते त्या प्रदेशांत तो विशेष होतो असे लिहून ठेवले आहे. सुताएवढे बारीक जंतू लसीकावाहिन्यांत राहतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले रक्तात फिरतात. ती डासामार्फत पसरतात, हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली चीनमध्ये शोधून काढले. आपल्याकडे हे काम घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास करतो. पिल्ले रात्रीच अंगभरच्या रक्तात येतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसे रात्री रक्त तपासायला येतात. त्यांना परत पाठवू नये.

सामुदायिक औषधोपचाराच्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतात. काही जिल्ह्यांत सोबत आयव्हरमेक्टिनही असते. देशात ही तीन औषधांची पद्धत ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यांत नागपूर होता, साल २०१९. पुष्कळ लोक गोळ्या घेतात आणि आळ्यात, नाहीतर कोनाड्यात ठेवतात. "मला काय झालं आहे?" पण जंतू शरीरात असून वर्षानुवर्षे बाहेर काहीच दिसत नाही. पाय सुजल्यावर घेतलेली गोळी तो पाय पूर्ववत करीत नाही. म्हणून गोळ्या जेवण करून, कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात. गरोदर बाई, दोन वर्षांच्या आतले मूल आणि फार आजारी माणूस यांना त्या देत नाहीत. गोळीनंतर थोडा ताप, डोकेदुखी झाली तर अंगातले जंतू मरत आहेत असे समजावे आणि आशा ताईंना कळवावे.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांनी तो रोज साबणाने धुऊन, घड्यांमधून आणि बोटांच्या बेचक्यांतून कोरडा करावा. बसताना उंच ठेवावा. बेचक्यांतल्या चिखल्यांवर मलम लावावे. याने ताप येऊन पाय सुजण्याचे झटके कमी होतात. खर्च काहीच नाही, फक्त नेम पाहिजे.

साप, फावडे आणि मळणी यंत्र

रात्रीची लाइन आली की मोटार चालू करायला शेतकरी अंधारातच निघतो. साप चावतो तो बहुधा पायालाच. चिखलात बूट टिकत नाही हे खरे, पण येताजाताना धुऱ्यावर गमबूट आणि हातात टॉर्च व काठी एवढे तरी असावेच.

साप चावलाच तर दोरी आवळून बांधू नये. आता या लेखातला रक्ताचा मार्ग आठवा. घट्ट दोरीने पाइपलाइन बंद होते, खालचे मांस मरते, आणि दोरी सोडल्यावर साचलेले विष एकदम वर जाते. कापू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. पैंजण, जोडवी लगेच काढावीत, नाहीतर सूज आल्यावर तीच फास होतात. पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, कारण पोटरी आवळली की विषही वर चढते. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. सर्पविषावरची लस तिथे मोफत असते.

कुदळ-फावड्याची जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. शेण, माती, हळदीचा लेप जखमेत भरू नये.

अपघाताने अवयव निकामी झाला तर राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून लागू आहे. एक अवयव गेल्यास १ लाख, दोन गेल्यास किंवा मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज विलंब न करता तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यावा. मात्र विडीने किंवा साखरेने गेलेला पाय या योजनेत बसत नाही, हेही ध्यानात असावे.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी रोवणीपूर्वी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. नाल्या वाहत्या कराव्यात, सांडपाण्याला शोषखड्डे द्यावेत, संडासाच्या गॅसपाइपला जाळी बांधावी आणि साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडावेत. उपकेंद्राच्या मदतीने एक दिवस पायांची तपासणी ठेवून तिशीवरच्यांची साखर पाहून घ्यावी. आणि रात्री-अपरात्री साप चावल्यास कोणाची गाडी निघेल, ते नाव व नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मोटार जळाली तर रिवाइंडिंग करून मिळते, फुटव्हॉल्व्ह गळाला तर दुकानात नवा मिळतो. जयपूरला १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबरी पाऊल तयार केले. ते घालून उकिडवे बसता येते, शेतातही जाता येते. अनेकांचा संसार त्याने पुन्हा उभा केला. पण चिखलाचा गारवा त्या पावलाला कळत नाही. म्हणून आहे तो पाय सांभाळा. संध्याकाळी बैल धुता, तसे पाच मिनिटे स्वतःचे पाय धुऊन, पुसून, दिव्यापुढे नीट पाहा.